नुसता कचरा

"अजून कचराच येऊन राहिलाय का?" राजशेखरनं पुण्याहून फोनवर विचारलं.

"हाव. नुस्ती प्रश्नचिन्हं अन् चौकोन. फोटो पाठवलाय बघा." सुकन्यानं नवऱ्याचा फोन स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरशेजारी ठेवला.

देगलूरच्या त्या घरात दुपारची सामसूम होती. मागं खाटेवर तिच्या सासूबाई, सिद्धम्मा, पडून होत्या. लकव्यानं वाचा गेली, अंग गेलं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं.

त्या बोटासाठी राजशेखरनं दिवाळीच्या सुट्टीत तळहाताएवढा बोर्ड आणून त्याला तीन बटणं जोडली होती. बटण दाबलं की केबलमधून शब्द कॉम्प्युटरवर यायचा, तोही आईच्या कानडीत. नीरु म्हणजे पाणी, नोवु म्हणजे दुखतंय, बेडा म्हणजे नको. पोरगा मोठा हौशी. आईला बोलती केली म्हणून गावभर सांगत सुटला होता. तो पुण्याला परतला आणि थोड्याच दिवसांत हा कचरा सुरू झाला.

"केबल बदललीस?"

"बदलली. चार्जिंगची न्हाई, तुम्ही ठेवून गेलात ती."

"पोर्ट?"

"तुम्ही सांगितला तोच."

"मग वेग बघ. बोर्ड ९६०० नं पाठवतो, कॉम्प्युटरनंही ९६०० नंच वाचायला पाहिजे. आकडा चुकला की अक्षरांचा असाच चिवडा होतो."

सुकन्यानं वाकून पाहिलं. "९६०० च हाय."

"मग बोर्डच गेला." त्याचा आवाज बसला. "ही टकटक कसली? आई दाबून राहिलीय?"

"लई येळ झाला. काय पायजे काय कळंना. पाणी दिलं तरी दाबतच ऱ्हात्यात. जीव तुटतो वो माझा."

यंत्र चाललं तर आई घरी, नाहीतर लातूरच्या शुश्रूषा केंद्रात, असं दोघांचं ठरलं होतं. तिथं एक खाट रिकामी झाली होती आणि आजच कळवायचं होतं.

"तिथं कानडी समजणारं कुणी न्हाई," तो म्हणाला.

"इथं तरी कुठं समजून राहिलंय?"

फोनवर तो हमसून रडला. आईवर त्याचा फार जीव होता.

"गाडी बोलाव," तो शेवटी म्हणाला. "तिला सांग, मी रविवारी येतो."

"सांगते. तुम्ही जेवून घ्या."

सुकन्यानं फोन ठेवला, लातूरला कळवलं, सिद्धम्मांची दोन लुगडी पिशवीत भरली. टकटक थांबत नव्हती. म्हातारी एवढं काय सांगतेय ते तरी बघावं, म्हणून ती पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसली आणि वेगाचा आकडा ४८०० वरून परत ९६०० केला.

पडद्यावर स्वच्छ अक्षरं उमटत गेली. बेडा. बेडा. बेडा. बेडा.