लाल झालेली रूपी

"साहेब, जित्या माणसांना मारताय तुम्ही!" तलासरीच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुक्ताने वरच्या साहेबांना फोनवर सुनावलं. रेशनची आणि मयतांची यादी जुळवली की दोन्हीकडे असलेली नावं लाल व्हायची. रूपीचंही झालं होतं.

"आजीचं नाव मला ठेवलंय, बाय. मेली ती आजी," समोर उभी रूपी म्हणाली. "माझा तांदूळ कशाला बंद?"

मुक्ताने मयतांमधून आजीला काढलं. रूपी लालच राहिली. चिडून मुक्ताने मयतांची अख्खी यादीच पुसली. तरी लालच.

मग तिने रेशनच्या यादीत स्वतःचं नाव टाकलं. तेही लाल झालं.

मुक्ताने फोन पुन्हा कानाला लावला. "साहेब, मयतांची यादी कोरी आहे. मग आम्हाला कशाशी जुळवताय? बोला!"