पहिली वाफ

"साहेब, आग काढा! बॉयलरच्या शिवणीतून वाफ येतेय!" हुसेन मिस्त्री ओरडले. कधीच भंगारात गेलेल्या जातीचं वाफेचं इंजिन त्यांनी निव्वळ आठवणीतून नव्यानं उभारलं होतं. एकही नकाशा उरला नव्हता. आज ते पाहुण्यांसमोर प्रथमच तापत होतं.

पण कारखान्याचे मॅनेजर गोगटे हट्टाला पेटले. "शिटी वाजल्याशिवाय आग निघणार नाही," म्हणत त्यांनी जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा हातानं दाबून धरला. बॉयलर कण्हू लागला. मिस्त्रींनी घण उचलून त्या हातावर घातला. हाडं फुटली, व्हॉल्व्ह उघडला, वाफ गर्जत बाहेर पडली. कामगारांनी मिस्त्रींना लाथाबुक्क्यांनी तुडवलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

बॉयलर उघडल्यावर आतला पत्रा फुगून चिरलेला दिसला. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर पन्नास माणसं मेली असती.

चौथ्या दिवशी गोगटे कोठडीपाशी आले. "तक्रार मागे घेतलीय, मिस्त्री. इंजिन पुन्हा बांधायचंय."

"आणि हात?"

"मनगटापासून काढावा लागला."

सुजलेल्या तोंडानं मिस्त्री रडू लागले. "इंजिन बांधीन, साहेब. हात कुठून आणू?"