भिंतीवरचं शून्य

निरोपाचा गुच्छ हातात पडला, तरी तिचं लक्ष भिंतीवरच्या स्क्रीनकडेच होतं. तक्रारी: शून्य.

"ताई, आता तरी हसा की!" प्रोग्रामर म्हणाला. घरपोच औषधं मागवायच्या अ‍ॅपचा जुना, गुंतागुंतीचा कोड त्याने महिनाभर खपून साफ केला होता. काम तेच, फक्त आतला पसारा आवरलेला. तेव्हापासून एक तक्रार येईल तर शपथ! साहेब भलतेच खूश झाले. बगच नाहीत तर ते शोधणारी टेस्टर कशाला पोसायची, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि तिची नोकरी गेली. आवरलेला कोड नीट तपासायला तिने आठवडा मागितला होता. तोही मिळाला नाही.

वाईट वाटत होतंच. घरी काय सांगायचं, याचा जिवाला घोर होता. पण त्याहून जास्त तिला एक कोडं छळत होतं. कटकटे आजोबा गप्प का? दर सोमवारी त्यांची तक्रार ठरलेली. अक्षरं बारीक आहेत. बटण दाबलं जात नाही. काहीच सापडलं नाही तर अ‍ॅपचा हिरवा रंग डोळ्यांत खुपतो. कोड सुधारला, मान्य. पण आजोबा सुधारले? छे! म्हातारा गेला-बिला तर नाही ना?

तिला राहवेना. गुच्छ काखेत मारून तिने जुन्या तक्रारीतला नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. साहेब कपाळाला आठ्या घालून बघत राहिले.

"आजोबा, बरे आहात ना? हल्ली तुमची तक्रार येत नाही."

"येत नाही? अहो बाई, गोळ्या अर्ध्याच आल्यात म्हणून रोज लिहितोय! बटण दाबलं की 'धन्यवाद' म्हणतं, आणि पुढे सगळं सामसूम. शेवटी तुमचं तक्रारीचं बटणच बिघडलंय, अशीही तक्रार केली. मिळाली का?"

प्रोग्रामर खुर्चीकडे धावला. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. "आवरता आवरता तक्रारी पुढे पाठवणारी ओळच उडाली की हो," तो पुटपुटला आणि ती ओळ त्याने परत घातली. भिंतीवरचं शून्य हललं. अडकून पडलेल्या तक्रारी धडाधड येऊ लागल्या, आकडा चढतच गेला.

साहेबांनी घसा खाकरला. तिच्या काखेतला गुच्छ हळूच काढून घेतला.

"तुम्ही जागेवर जाऊन बसा," ते म्हणाले, "आणि मला आजोबांचा पत्ता द्या."