दोन खासदारांचा पूल

संसदेतल्या जागा वाढल्या तर इस्त्रीवाल्याला काय मिळणार होतं? एक पूल. कालव्याच्या अलीकडे त्याचं दुकान, पलीकडे थोरल्या बहिणीचा धुण्याचा धंदा. ती धुवायची, तो इस्त्री करायचा. मधला पूल खचून पडल्यापासून ताई गाठोडं डोक्यावर घेऊन पार वरच्या बांधाला वळसा घालून यायची. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

खासदार तसा भला माणूस. "मतदारसंघात माणसं दुप्पट झाली, मी आपला एकटाच. कुणाकुणाचं ऐकू?" पुलाचं विचारल्यावर तो म्हणाला.

इस्त्रीवाल्याला हे लख्ख पटलं. माणसं वाढली तर खासदारही वाढायला हवेत. गिऱ्हाइकाच्या हातात कपडे ठेवण्याआधी तो जागा वाढवण्याच्या अर्जावर सही मागू लागला.

"अरे शहाण्या," ताई म्हणाली, "बोलणारे वाढतील. ऐकणारे वाढतील का?"

"ताई, तू गुडघे सांभाळ. संसदेचं मी बघतो."

जागा वाढल्या. मतदारसंघाचे दोन झाले, हद्द कालव्याच्या मधोमध. आणि खरंच, जुन्या आणि नव्या दोन्ही खासदारांनी ऐकलं! दोघांनी आपापल्या काठावरून अर्धा अर्धा पूल बांधला, आपापली फीत कापली. दुसऱ्याच्या हद्दीत आपली वीट जायला नको म्हणून दोन्ही ठेकेदार रेषेच्या जरा अलीकडेच थांबले.

मध्ये फट उरली. उडी मारायला मोठी, तक्रार करायला लहान.

इस्त्रीवाला चक्रावला. आपण चुकलो म्हणावं, तर पूल समोर उभा. बरोबर म्हणावं, तर ताई अजून पलीकडेच. त्याने फळी टाकली, ती उचलली गेली. परवानगी कुणी द्यायची हेच ठरलेलं नव्हतं. जुना खासदार म्हणाला, "माझा अर्धा पुरा झाला." नव्यानेही चहा पाजून तेच सांगितलं.

शेवटी ताई आपल्या अर्ध्या पुलाच्या टोकाशी उभी राहिली.

"झेल रे, संसदवाल्या!"

गाठोडं त्याने झेललं. त्यातून निसटलेला एक सदरा मात्र फटीतून कालव्यात गेला. नेमका नव्या खासदाराचा.

भरपाई भावंडांनी अर्धी अर्धी भरली. त्या हिशेबात मध्ये फट राहिली नाही.