वाट पाहायची मर्यादा

दुपारच्या शांततेत गॅसचं बटण टक्कन वाजलं. सासूबाईंचा स्वयंपाक झाला होता, माझा कोड मात्र तीन दिवसांपासून तिथंच होता. सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातल्या भट्टीवरचं तापमान कळवणारं यंत्र बंद पडलं, की त्याच्या उत्तराची वाट पाहत माझा अख्खा प्रोग्राम अडकून राहायचा. आज मी टाइमआउट लावला.

"काय करून राहिली, मम्मी?" ईरानं विचारलं.

"पाच सेकंदांत उत्तर नाही आलं, तर वाट पाहणं सोडायचं अन् पुढचं काम करायचं, हे याले शिकवून राहिली."

"ऐकते तो?"

"हव, लगेच."

ईरानं बाहेर पाहिलं. तिचे बाबा वारून दोन वर्षं झाली, तरी सासूबाई त्यांचं ताट वाढून, उपाशी, दाराशी बसल्या होत्या.

"मम्मी, आजीले लावता येते का टाइमआउट?"