मागच्या सीटची स्क्रीन

कुणाली शेडमध्ये शिरली तेव्हा तिचा बाप विमानाच्या मागच्या सीटवर बसून पुढच्या सीटच्या पाठीला भोकं पाडत होता. ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत ती दारातच उभी राहिली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"स्क्रीन लावतोय," जगन वर न बघता म्हणाला. "मागच्या मानसाला पन दिसायला नको?"

कुणालीच्या मनात पाल चुकचुकली.

विमान दोनच सीटांचं, एकीमागे एक. पुढे चालवणारा, मागे पाहुणा. म्हसा रस्त्यालगतच्या आपल्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये बापलेकीने ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. जगनची सारी हयात विमानतळावर इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. पोरीने पायलटचं लायसन मिळवलं, पण नोकरी काही मिळेना, तेव्हा गावाने तोंडभरून सल्ले दिले. बहुतेक सल्ले लग्नाचे होते. जगनने मात्र निवृत्त झाल्या झाल्या विमानाच्या सांगाड्यासाठी नळ्या कापायला घेतल्या. "कोनी विमान देत नाय ना तुला? आपन बनवू," एवढंच म्हणाला. आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारा जगात एक तरी माणूस आहे, असं कुणालीला तेव्हापासून वाटत आलं होतं.

चाचणीची सगळी उड्डाणं तिने एकटीने केली. आता मागे माणूस बसवायची परवानगी आली होती, आणि रविवारी पहिला मान जगनचा होता. नेमकी आत्ताच ही स्क्रीन कुठून उपटली?

पाहुण्याला कशाला हवी स्क्रीन? पाहुणा खाली बघतो, आपल्या घराचं छप्पर शोधतो, फोटो काढतो. मागे स्क्रीन लागते ती शिकवणाऱ्याला. कुणाली शिकली ते विमानही असंच होतं. मागे सर बसायचे आणि तिच्यासमोरचे सगळे आकडे त्यांच्याही समोर असायचे. ती चुकायच्या आधीच मागून ओरडा यायचा, "वेग बघ, वेग!" त्या आवाजाने ती अजून झोपेत दचकायची.

तिने आईला विचारून पाहिलं. प्रेमा भाकरी थापता थापता हसली. "तुज्या बापाचा विश्वास? मी दाराला कडी लावली का, हा परत उठून ती हलवून बघतो. इतकी वर्सं झाली लग्नाला!"

झालं! संशयाला एवढं खतपाणी पुरतं. मग तिला बापाचं उठणं-बसणंही खटकायला लागलं. स्क्रीन त्याने आधी गुडघ्यापाशी बसवली होती. ती काढून त्याने थेट नाकासमोर आणली.

"एवढ्या वर लावलीत तर पुढचं काय दिसनार नाय तुमाला," ती म्हणाली.

"चालंल."

चालेल कसं? पहिल्यांदा पोरीच्या विमानात बसणाऱ्या माणसाला आभाळ नको, डोंगर नको, नुसते आकडे हवेत?

शनिवारी संध्याकाळी जगन चहाला घरात गेला, तशी ती मागच्या सीटवर चढली आणि तिने स्क्रीन चालू केली. पुढे दिसतं तेच मागे दिसायला हवं होतं. पण जगनने हवं तेवढंच ठेवून बाकीचं काढून टाकलं होतं. उंची नाही. क्षितिज नाही. नकाशाही नाही. होतं ते फक्त इंजिन: त्याचे फेरे, तेलाचा दाब, गरमी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पोरगी इंजिनाला कशी वागवते, त्याचा हिशोब हा माणूस मागे बसून ठेवणार! गावाच्या शंका तिने हसण्यावारी नेल्या होत्या. कंपन्यांचे नकार गिळले होते. बापाची शंका मात्र काही केल्या गिळता येईना. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

जगन तिच्यासाठी कप घेऊन आला, तर ती स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून विमानाजवळ उभी.

"ही काढा बाबा. नायतर उद्या मी उडनार नाय. तपासनीस मागं बसवून मला विमान चालवायचं नाय."

"तपासनीस?" जगन गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "कोन तपासनीस?"

"तुमी! विश्वास नसंल तर तोंडावर सांगा ना. ही थेरं कशाला?"

जगनने कप पंखावर ठेवला. घरातून कोणी येत तर नाही ना, ते मान वळवून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुज्या आयला सांगू नको. उमर गेली विमानतळावर, पन वर मी एकदा पन गेलो नाय. साहेब बोलायचे, जगन, चल टेस्टला. मी काय ना काय कारन काढायचो. सिद्धगडाच्या पायथ्याचा मी, पन गडावर कदी पाय नाय ठेवला. खाली नजर गेली का माज्या पायातला जीव जातो गो."

कुणालीने मागच्या सीटसमोरच्या स्क्रीनकडे पाहिलं.

"मोटी स्क्रीन नाकासमोर आसली का बाहेरचं दिसनार नाय," तो म्हणाला. "इंजिनाकडं बघत बसलो का मला वाटंल, मी आपल्या शेडमदीच हाय."

"मग नका ना बसू, बाबा! कोनी जबरदस्ती केलीय का तुमाला?"

"वा! आनि तुज्या मागं पयला दुसराच कोन बसंल?" जगनने तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि स्क्रीनचा सैल राहिलेला स्क्रू आवळायला वाकला. "दुसरा कोनी चालवनारा आसता, त मी बसलो आसतो काय?"