चेहऱ्याची किल्ली

"काका, डोळे मिचकवा," तृप्ती हळूच म्हणाली. "मोबाईल तसं म्हणून राह्यला."

कल्याणनं डोळे मिचकावले. अंगात थोरल्या भावाचा शर्ट, ओठावर त्याच्यासारखीच जाड मिशी. मच्छिंद्र जाऊन चार महिने झाले होते. दहाव्याला कल्याणच्या डोक्याबरोबर मिशीही उतरली होती. ती पुन्हा भरेपर्यंत सगळे थांबले होते.

मच्छिंद्रानं दोन वर्षांच्या कापसाचा पैसा घालून क्रिप्टोची नाणी घेतली होती, लेकीच्या नर्सिंगसाठी. नाणी कसली आली कपाळाची! आडत्याच्या गोदामात टाकलेलं सोयाबीन बघा. पोती आपली, कुलूप त्याचं. इथं कुलूप कंपनीचं आणि किल्ली म्हणजे मच्छिंद्राचा चेहरा. वारसाला पैसे मिळायला कंपनीच्या नियमात कोर्टाचा कागद लागत होता, त्याला सहा महिने. आणि फी सोमवारपर्यंत भरली नाही, तर तृप्तीची सीट दुसऱ्याला जाणार होती.

नंदाबाई चहा घेऊन आली ती दारातच थबकली. मोबाईलवरच्या गोलात तिचा नवरा बसला होता. डावा डोळा जरा उशिरा मिटत होता, मच्छिंद्राचा मिटायचा तसाच. कल्याणचे डोळे असे कधीच नव्हते.

"झालं!" तृप्ती ओरडली. तिनं सगळी नाणी विकली आणि पैसे काढायला टाकले.

कंपनी पैसे पाठवते ते फक्त खातेदाराच्याच बँक खात्यात. आणि विम्यासाठी नंदाबाईनं नवीन जालन्यातल्या त्याच बँकेत मृत्यूचा दाखला कधीच देऊन टाकला होता. तिघांपैकी कुणाच्याही हे ध्यानात आलं नाही. दुपारपर्यंत पैसे उलटे फिरले. मग मच्छिंद्राचा फोन वाजला. नंदाबाईनं उचलला, तृप्तीनं स्पीकर लावला.

"मॅडम, मी कंपनीतून बोलतेय. बँक म्हणते, मच्छिंद्र चार महिन्यांपूर्वी वारले. मग आज सकाळी कॅमेऱ्यासमोर कोण होतं? खरं सांगितलंत तर वारसाचा अर्ज करता येईल. नाहीतर खातं कायमचं बंद."

कल्याणनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, माझं नाव सांगा म्हणून. "माफी माग, आई," तृप्ती कुजबुजली. तिला रडू आवरेना.

नंदाबाईनं दोघांकडेही पाहिलं नाही.

"तेच व्हते, बाई," ती म्हणाली. "माझ्या मालकाला मी वळखत न्हाई व्हय?"